समुद्रात शिरलेला बाण

रेवसच्या त्या समुद्रकाठच्या लग्नाच्या मैदानाचं तुम्हाला सांगायचं राहिलंच. तिथल्या सुरक्षारक्षकांसाठी मी अ‍ॅप बनवलं होतं. मोबाइल समोर धरला की कॅमेऱ्यातल्या दृश्यावरच बाहेर पडायच्या वाटेचा हिरवा बाण दिसायचा. प्रत्येक वाट मी पावलं मोजून वहीत उतरवली होती. चाचणी मालकांसमोर होती. ती फसली तर काम गेलंच.

रक्षक हिराबाईंनी मोबाइल धरला. "दादा, बाण पान्यात चाललाय. पाव्हन्यांना पोहायला लावताय काय?"

बघतो तर वाळूतली वाट लाटांखाली!

मालक तडकले. "हे बनवलंत तेव्हा इथे समुद्र नव्हता काय?"

"नव्हता," मी म्हणालो.

"खरं हाय, मालक," हिराबाई म्हणाल्या, "दादा वाटा मोजायला ओहोटीला आले असतील."

मालकांना हसू फुटलं आणि काम वाचलं. हिराबाईंना मात्र हसू आलं नाही. "आता वाटा मोजायच्या आधी मला इचारा. तिथी बघून भरती सांगीन."