खांदा सरळ केल्याबाबत

मी खाली सही करणार, वय ४९ वर्षे, धंदा नोकरी (व्हिडिओ गेममधील पात्रांची रचना करणे), राहणार पाण्याच्या टाकीमागील इमारत, दुसरा मजला, ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी व माझी आई, वय ७६ वर्षे, असे दोघेच राहतो. आई आज सकाळी सव्वासात ते आठच्या दरम्यान घरातून निघून गेली आहे.

मी काम करतो त्या कंपनीत पळापळीचा व मारामारीचा एक वेगवान खेळ तयार होत आहे. त्याचा नायक मी रचला. अशा खेळात नायक डोळ्यांपुढे क्षणभरच राहतो. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी की, चेहरा, कपडे, रंग यांच्या आधी अख्खी आकृती काळी भरायची. नुसत्या काळ्या आकृतीवरून, पळताना, तो ओळखू आला तरच पुढचे काम. माझ्या आठ आकृत्या नापास झाल्या, नववी पास झाली. तिचा डावा खांदा उतरलेला होता व पळताना उजवे पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडत होते. हे कसे सुचले, असे विचारल्यावरून सांगतो की, मी नेहमीप्रमाणे हात जोडून कामाला बसलो आणि हात चालत गेला. तेव्हा मला काही कळले नाही.

तीन आठवड्यांपूर्वी रविवारी मी घरच्या संगणकावर ती आकृती पळवून पाहत होतो. आई पाठीमागे येऊन उभी राहिली व म्हणाली, "हा थोरला ना रे?"

मी म्हणालो, "आई, हा खेळातला माणूस आहे. त्याला अजून तोंडसुद्धा नाही."

"मला शिकवू नकोस. दोघांनाही मीच चालायला शिकवलंय."

थोरला म्हणजे माझा मोठा भाऊ. लहानपणी पडून त्याचा डावा खांदा मोडला होता. तो पडला तेव्हा मी त्याच्या पाठीवर होतो. एकोणीस वर्षांपूर्वी तो घर सोडून गेला.

त्या रविवारपासून मी कामावरून आलो की आई स्टूल ओढून संगणकापुढे बसे. खेळात नायक मरून पडतो व लगेच पुन्हा उभा राहतो. पहिल्यांदा तो पडला तेव्हा तिने माझा दंड धरला. पुढे ती "ऊठ रे, ऊठ" म्हणू लागली, आणि तो उठला की हसे. या काळात तिचे जेवण वाढले होते.

काल दुपारी आमचे प्रमुख म्हणाले, "काका, तुमच्या हीरोला पाठदुखी आहे का हो? खेळणारा ह्याला मलम चोळत बसेल. सरळ करा त्याला." मी खांदा सरळ केला. पाऊलही सरळ केले. चार मिनिटे लागली. जुनी फाइल मी ठेवली नाही. ठेवायची पद्धत आहे.

संध्याकाळी आईने नवा नायक पाहिला. तिने स्टूल मागे सारले. मग म्हणाली, "हा तो नाही. त्याला कुठे घालवलास?"

मी म्हणालो, "येईल गं."

आज सकाळी मी आंघोळीला गेलो असता ती गेली. काठी नेली, चष्मा घरीच राहिला.

भाऊ सध्या कोठे असतो, असे विचारल्यावरून सांगतो की, तो हयात नाही. घर सोडल्यानंतर चार महिन्यांनी मला परगावच्या रुग्णालयातून बोलावणे आले. चेहरा पाहण्यासारखा नव्हता. चादर न काढता, तिच्याखालच्या उतरलेल्या खांद्यावरूनच मी ओळखले. अंत्यसंस्कार एकट्याने केले. त्याच आठवड्यात आईचे हृदयाचे ऑपरेशन झाले होते व तिला धक्का देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. बरी झाल्यावर सांगणार होतो. ती दोन महिन्यांत बरी झाली.

हा जबाब चालू असताना बसस्थानकावरील चौकीतून फोन आला. आई तेथे बाकावर सुखरूप आहे. प्रत्येक गाडीतून उतरणारी माणसे पाहते आहे. तेथील हवालदार बाई घरी चला म्हणाल्या, तर "थोरला आल्याशिवाय मी हलायची नाही" असे म्हणते. तिला काय सांगायचे, असे मला विचारण्यात आले. कोणी काही सांगू नये. मी तेथे जाऊन, तिच्याशेजारी बसून, स्वतः सांगणार आहे. हे वाक्य जबाबात घ्यावे अशी मीच विनंती केली, कारण असे मी यापूर्वी अनेकदा ठरवले आहे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'भाऊ बेपत्ता' असे लिहिले गेले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'मयत' असे केले. खाडाखोडीवर माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे.