ऐंशी रुपयांचे धवळे

सकाळी बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनी धवळे, म्हणजे आमची लग्नातली गाणी, म्हणणाऱ्या आजीचा घसा बसला बघा. नणंद हळदीच्या पाटावर बसलेली, आणि सासूबाई अडून बसल्या, "धवळ्याबिगर हळद लागायची नाय!"

"धवळे माझ्या फोनमधी आहेत," म्हणत धाकटे दीर पुढं आले. महिन्याला पैसे भरून डाउनलोड केलेले. पण शेणवे गावापुढच्या आमच्या पाड्यात रेंज नाय, आणि फोन म्हणतो, आधी नेट लावा, मग गाणी उघडतो.

मी पहिल्यापासून घाबरट. पोरीच्या तापाच्या औषधाच्यापण दोन बाटल्या ठेवते. म्हणून मुरबाडला माहेरी गेले तेव्हा दुकानातून ऐंशी रुपयांत मेमरी कार्डात धवळे भरून आणले होते. तेव्हा हेच भाऊजी हसले होते, "वयनी, ऐंशी रुपये पाण्यात!"

कार्ड स्पीकरमध्ये घातलं. पहिला धवळा लागला तशी बायकांनी सूर धरला, आणि हळद लागली!

भाऊजी हळूच म्हणाले, "वयनी, माझ्या लग्नाला कार्ड द्याल ना?"

"देईन की. फोन तेवढा खिशातच ठेवा."

तुमच्या ओळखीत कोणाकडं हळद असेल तर त्यांनाही सांगा, धवळे कार्डात भरून, हातात धरता येतील असे आणून ठेवा.