बाईंनी दिलेला शब्द आणि माझ्याकडच्या अकरा पट्ट्या

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले दोन्ही माजी विभागप्रमुख, समितीचे सन्माननीय सदस्य, प्राध्यापक मित्रहो, ग्रंथालयातली आणि कार्यालयातली मंडळी, खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले विद्यार्थी, तिसऱ्या रांगेत कडेला बसलेल्या ताई, आणि जिच्या निरोप समारंभासाठी आपण सगळे इथे जमलो आहोत ती व्यक्ती, म्हणजे आमच्या बाई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला सात मिनिटं दिली आहेत आणि जरा जास्त लागली तर चिठ्ठी पाठवू असंही बजावलं आहे. चिठ्ठी जरूर पाठवा. मी ती वाचेन आणि खिशात ठेवेन.

माझी ओळख करून देताना मघाशी बरीच विशेषणं वापरली गेली. मानाचा पुरस्कार, विभागप्रमुखपद, परदेशातली व्याख्यानं. बाईंनी माझी जी ओळख करून दिली होती ती याहून पुष्कळ आटोपशीर होती. "हे आमचे नळवाले." केसाहून बारीक नळ्यांमधून रक्ताचा थेंब कसा वाहतो, कुठे अडतो, हे बघणं हा माझा धंदा. त्या नळ्या काचेच्या एका छोट्या पट्टीवर कोरलेल्या असतात. ती पट्टी टपालाच्या तिकिटापेक्षा मोठी नसते. तेव्हा नळवाले म्हणण्यात चूक काहीच नव्हती.

आपल्या या आंतरशाखीय विभागात बारा वर्षांपूर्वी बाईंनी आणि मी मिळून एक प्रकल्प मांडला. नाव होतं, "सामाजिक इतिहास, धर्मस्वातंत्र्य आणि जैववैद्यकीय सूक्ष्मप्रवाह". दारावरची पाटी रंगवणाऱ्याने दोनदा विचारलं, हे एकाच खोलीचं आहे ना? कार्यालयातल्या मंडळींनी त्याला सरळ "त्रांगडं" म्हणायला सुरुवात केली. त्रांगड्याची फाइल, त्रांगड्याची बैठक. हसताय ना? आम्हीही हसायचो.

पण त्रांगडं उभं का राहिलं ते सांगतो. आपल्या मागच्या टेकडीपलीकडे एक वस्ती आहे. जेमतेम दीडशे घरं. स्वतःचं वेगळं प्रार्थनागृह, स्वतःचे नेम. त्या घरांमध्ये रक्ताचा एक आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तांबड्या पेशी ताठर होतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. वेळेत कळला तर आटोक्यात राहतो. कळणार कसा? त्यांच्या श्रद्धेप्रमाणे अंगातून निघालेलं रक्त तीन दिवसांच्या आत मातीला परत द्यावं लागतं. ते बाटलीत, डब्यात, कुणाच्या कपाटात राहता कामा नये. दवाखान्यातले लोक त्यांना अडाणी म्हणून हिणवायचे आणि ते दवाखान्याची पायरी चढत नसत.

बाई त्या वस्तीत वीस वर्षं जात होत्या. त्यांचा इतिहास लिहीत होत्या. अभिलेखागारातल्या एका फाटक्या बासनात त्यांना शंभर वर्षांपूर्वीचा एक अर्ज सापडला होता. कुठल्याशा साथीत अधिकाऱ्यांनी या लोकांना गोदामात कोंडून त्यांचं रक्त काढून नेलं होतं. अर्जाखाली चाळीस अंगठे होते आणि मागणी एकच होती, आमचं आम्हाला परत द्या. अर्जावर उत्तर नाही. बाई म्हणायच्या, "धर्मस्वातंत्र्य कायद्याच्या पुस्तकात शोधू नका. विचारायला आलेला माणूस 'नाही' ऐकून दारातून मागे फिरतो का, तेवढं बघा."

मला त्यांनी पहिल्यांदा प्रार्थनागृहात नेलं तेव्हा तिथे सगळे ज्यांना आजोबा म्हणायचे ते वृद्ध गृहस्थ बसले होते. प्रार्थनागृहाची किल्ली त्यांच्याकडे असे. बाई म्हणाल्या, "हे आमचे नळवाले." आजोबा उठले, मला मागच्या अंगणात घेऊन गेले आणि गळका नळ दाखवला. आता काय करणार? बाह्या वर केल्या, दुकानातून वायसर आणला आणि तासभर खटपट करून नळ दुरुस्त केला. आत आलो तर बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. आजोबा म्हणाले, "काम नीट केलंत. आता तुमचं काम सांगा."

ठरलं असं. प्रत्येकाने एकच थेंब द्यायचा. तो पट्टीत जाणार, पट्टी माझ्या प्रयोगशाळेत जाणार आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत थेंबासकट वस्तीत परत येणार. आमच्या नियमाप्रमाणे वापरलेली पट्टी जाळायची असते. ती परत देण्याची परवानगी मिळावी म्हणून बाई संशोधनाच्या परवानग्या देणाऱ्या समितीशी सात महिने झगडल्या. एका सन्माननीय सदस्यांनी विचारलं होतं, "माती म्हणजे नेमकी कोणती माती?" ते आज हजर आहेत, म्हणून नाव घेत नाही. अखेर परवानगी मिळाली आणि बाईंनी प्रार्थनागृहात सगळ्यांसमोर शब्द दिला. लक्षात घ्या, शब्द बाईंनी दिला. मी शेजारी उभा राहून मान डोलावली.

आजोबांनी एक वही केली होती. कुठल्या घरातून किती थेंब गेले, किती आले. एकशे त्रेचाळीस गेले. एकशे बत्तीस आले.

उरलेल्या अकरा पट्ट्या मी ठेवून घेतल्या.

मागे कुजबुज सुरू झाली. बरोबर आहे. पुढचंही ऐकून घ्या.

त्या अकरा पट्ट्यांमध्ये पेशी वेगळ्याच तऱ्हेने अडकत होत्या. सरळ नळीत सुटायच्या आणि वळणावर एकमेकींना धरून बसायच्या. असं मी कधी पाहिलं नव्हतं, कुणीच पाहिलं नव्हतं. मला पुन्हा बघायचं होतं. आठ दिवस, मी स्वतःला म्हणालो, फक्त आठ दिवस. कुणाला काय कळणार आहे? पत्र्याच्या एका पेटीत त्या भरल्या, वर लिहिलं, "जुने नमुने, हलवू नये", आणि पेटी फ्रीझरच्या तळाशी सरकवली. आठ दिवसांची नऊ वर्षं झाली.

बाई चौथ्या दिवशी सकाळी आल्या. हातात वहीची नक्कल होती.

"अकरा कमी आहेत."

मी म्हणालो, "मोजताना इकडचं तिकडे झालं असेल."

"कुणाकडून?"

मी समोरचे कागद सारखे करू लागलो. बाईंनी फ्रीझरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाल्या, "जरा पाणी देता का?" पाणी प्यायल्या, पेला धुऊन जागेवर ठेवला आणि निघून गेल्या. त्याच संध्याकाळी प्रार्थनागृहात त्यांनी सांगितलं की अकरा पट्ट्या त्यांच्या हातून फुटल्या आणि मोजण्यातही त्यांचीच चूक झाली.

का सांगितलं असं? पुढच्या सोमवारी एकशे बत्तीस जणांचे अहवाल वाटायचे होते. त्यातल्या सतरा जणांना ताबडतोब औषध सुरू करायला हवं होतं. खरं बाहेर आलं असतं तर समितीने प्रयोगशाळेला कुलूप लावलं असतं आणि अहवाल आत अडकले असते. मी नऊ वर्षं स्वतःची समजूत घालत आलो की बाईंनी ते लोकांसाठी केलं, त्यात माझा काय संबंध? पण सोमवारी अहवाल वाटून झाले. मंगळवारी मला तोंड उघडता आलं असतं. मी मंगळवारी लेख लिहायला बसलो.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे, म्हणजे ठाऊक आहे असं आपल्याला वाटतं. "नमुने हाताळताना निष्काळजीपणा" असा शेरा बाईंच्या फाइलला लागला. विभागप्रमुखपदासाठी त्यांचं नाव पुढे होतं, ते मागे पडलं आणि माझं आलं. ज्या बैठकीत शेरा मंजूर झाला ती याच सभागृहात झाली होती. ठरावाखाली माझी सही आहे. चांगली ठसठशीत सही आहे.

वस्तीने बाईंना दार बंद केलं. त्यांचं पुस्तक नवव्या प्रकरणावर थांबलं. दहावं प्रकरण वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणींचं होणार होतं. त्या बायका आता राहिल्या नाहीत. मघाशी एका वक्त्यांनी फार गोड शब्दांत म्हटलं की बाईंनी "परिपूर्णतेच्या ध्यासापायी" पुस्तक अपुरं ठेवलं. बाई, तुम्ही तेव्हाही टाळ्या वाजवल्यात. कमाल आहे तुमची.

आणि माझी पट्टी? ती आज कुठे कुठे वापरली जाते, आकडे मला तोंडपाठ आहेत. फक्त त्या वस्तीत ती गेली नाही. ताईंच्या भाच्याचा आजार कळायला दोन वर्षं उशीर झाला. तो आता काठी घेऊन चालतो, अठरा वर्षांचा आहे.

या ताई कोण, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. त्या आजोबांच्या कन्या. शिवणकाम करतात. गेल्या महिन्यात मी धीर करून प्रार्थनागृहात गेलो. आजोबा दोन वर्षांपूर्वी वारले, हे मला तिथे गेल्यावर कळलं. मी ताईंना सगळं सांगितलं. त्या मशीनवर बसून ऐकत होत्या. शिलाई थांबवली नाही.

मग म्हणाल्या, "बाबांना तेव्हाच कळलं होतं. ते बाईंना म्हणाले, वीस वर्षं तुमचं मोजणं पाहतोय. फुटल्या असत्या तर काचा आणल्या असत्यात. खोटं बोलताय. कुणासाठी, ते विचारत नाही. पण आमच्याशी खोटं बोलणारं माणूस आत घेता येणार नाही."

म्हणजे दार पट्ट्यांमुळे बंद झालं नाही. माझ्यासाठी बोललेल्या एका खोट्यामुळे झालं. हे बाईंनी मला नऊ वर्षांत सांगितलं नाही. जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "काय नळवाले, बरं आहे ना?" मी म्हणायचो, बरं आहे.

बाई, तुम्ही मला हाताने बसायला सांगताय, मला दिसतंय. नऊ वर्षं तुमच्या गप्प राहण्याचा मी फायदा घेतला. आज तुमचं ऐकणार नाही.

अध्यक्ष महोदय, आपल्यासमोरच्या फुलांच्या गुच्छाखाली एक पाकीट आहे. त्यात माझी लेखी कबुली आहे, तो शेरा काढून टाकण्याची विनंती आहे आणि माझा राजीनामाही आहे. लेख मागे घेत असल्याचं पत्र काल संपादकांना गेलं. हे मोठेपण नव्हे. दहावं प्रकरण मला परत आणता येत नाही, तेव्हा जे परत करता येतं तेवढं करतो आहे, आणि तेही फार उशिरा.

पट्ट्या घेऊन येऊ का, असं मी ताईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "आधी जिथे बाईंचं नाव खराब केलंत तिथे सांगा. सगळ्यांसमोर. मी ऐकायला येईन." मी विचारलं, "मग बाईंना दार उघडाल?" त्या म्हणाल्या, "ते वस्ती ठरवेल. मी एकटी कोण?" मी उठलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, "तो नळ अजून गळत नाही." त्यानंतर टेकडी उतरून येईपर्यंत मला नीट दिसत नव्हतं.

चिठ्ठी आली आहे. वाचली.

संयोजकांनी मला बोलायची संधी दिली, त्यांचे आभार. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आपलेही आभार. ताई इतक्या लांबून आल्या, त्यांचे आभार मानायची माझी लायकी नाही. बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक झालं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर तेवढं आपण मोठ्या मनाने पोटात घालावं. पण जे मी पूर्ण शुद्धीत, हातमोजे घालून, पेटीवर चिठ्ठी चिकटवून केलं ते या उणंअधिकात धरू नका. त्याची माफी या सभागृहाने द्यायची नाही आणि मी ती इथे मागत नाही.

ही ती पेटी. अकरा घरांचे थेंब आहेत. त्यातली चार माणसं आता नाहीत.

बाई, एवढं एक काम करा. या पट्ट्या मोजून घ्या. मोजण्यात तुमची कधीच चूक झाली नव्हती.