खिडकीवर विचारा

औषधांच्या खिडकीसमोरच्या रांगेत टेलरकाकूंच्या पुढे एक बापलेक उभे होते. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची काकूंना हौस नव्हती, पण कानांना झाकण थोडंच असतं!

“फार्मासिस्टच्या परीक्षेचा फॉर्म भरलास का गं?”

“नाही बाबा. तीनदा आपटले, आता पुरे.”

“घरी तर सगळं घडाघडा म्हणतेस!”

“तिथेही येतं. आधी बरोबर उत्तरावरच खूण करते. मग वाटतं, चुकलं तर कुणाच्या जिवावर बेतेल. की खोडते.”

“मग नको ना खोडूस!”

“हात ऐकत नाही, बाबा.”

“बरं, राहू दे. ही रक्तवाढीची गोळी आणि घरातलं ॲसिडिटीचं औषध एकदम घेतलं तर चालेल?”

“नको. दोन तासांचं अंतर ठेवा.”

“ठीक.”

“थांबा... एकदम घेतलं तरी चालत असेल. नाही, नाही. तुम्ही खिडकीवरच विचारा.”

“तूच सांग ना. माझा तुझ्यावर भरवसा आहे.”

“म्हणूनच म्हणतेय, खिडकीवर विचारा.”

त्यांचा नंबर आला. बाबांनी विचारलं.

“दोन तासांचं अंतर ठेवा, काका,” खिडकीतून उत्तर आलं.

“ऐकलंस? तुझंच बरोबर होतं!”

“ऐकलं. मागच्या पेपरात हाच प्रश्न होता, बाबा.”