डोकं टेकायची जागा

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिंप्याच्या कानावर मागच्या बाकावरच्या नणंद-भावजयीचं बोलणं पडलं.

“वहिनी, बाबांची खुर्ची धुवून घेतलीस? डोकं टेकायचे तिथला तेलाचा डागही गेला?”

“अगं, ऐक तर! सोफेवाल्याने सगळं कापड लख्ख केलं. त्या डागापाशी मात्र थांबला. म्हणाला, इथे कोण बसायचं?”

“मग?”

“आईंचा चेहरा पाहिला आणि डाग तसाच ठेवला. शेवटी डाग धरू न देणारा फवारा मारला, तोही डागासकट!”

“डागावर कशाला?”

“म्हणाला, उद्या काही सांडलं, तर पुसताना हा जायला नको.”

“कमालच आहे त्या माणसाची!”

शिंप्याचा नंबर पुकारला. त्याने शेजारच्याला पुढे पाठवलं.

“आणि आई?”

“बाबा गेल्यावर वर्षभराने काल पहिल्यांदा बसल्या त्या खुर्चीत. चहा घेऊन, मान मागे टेकून.”