इसहाक म्हणजे हसणारा

मंडळी, राम राम. रूथवहिनी, तुमाला बी. मला भाषण येत न्हाई. पण वहिनी, तुमचे मालक, आमचे इसहाक सर परवा गेले, आन त्यांच्या शेजारी म्या उभी जिंदगी काढली. आज गप कशी बसू?

सर लय हसायचे. गंगाखेडच्या शाळेत गणित शिकवायचे, तरी पोरं त्यांना भ्यायची न्हाईत!

माझी थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आन त्याच वक्ताला मला बी दिवस गेलेले. आई आन लेक, एका घरात दोघी पोटुशा! बायांनो, काय सांगू ती शरम! उंबरा ओलांडायची चोरी. म्या ठरवलं, सोनपेठला माहेरी जायचं, गुपचूप बाळंत व्हायचं, लेकरू भावजयीच्या ओटीत घालायचं. पिशवी भरून एसटीला निघाले बी.

सर दारात उभे. म्हणले, "ताई, माझ्या नावाचा अर्थ ठाव हाय का?"

"सर, ही काय येळ हाय का?"

"ऐका तर. आमच्या पवित्र शास्त्रात सारा हाय. नव्वदीची म्हातारी. देव म्हणला, तुला पोरगा व्हईल. तिला हसूच आलं. वर म्हणते कशी, मी न्हाई हसले! मग खरंच पोरगा झाला. त्याचं नाव इसहाक. हिब्रू भाषेत, 'तो हसतो'. ती लोकांना भिऊन लपली न्हाई, ताई. म्हणली, ऐकंल तो माझ्यासंगं हसंल."

नव्वदीची! आन मी पंचेचाळिशीची! मला असं हसू फुटलं की एसटी गेली निघून. पिशवी घेऊन माघारी फिरले, आन घरीच बाळंत झाले.

बारशाला नणंद आली न्हाई. तिला लाज वाटली. मग कानात नाव कुणी सांगायचं? तो मान आत्याचा. सर म्हणले, "मी आत्या!" एवढा गडीमाणूस पाळण्यावर वाकला, कुर्रर्र केलं, आन बायांनी पाठीत धपाटे घातले. वहिनी, तुमी तर दोन जास्तीच घातले! नाव ठेवलं सुहासिनी.

असा माणूस गेला, मंडळी. रडू यायलंय. पण त्यांची आठवण काढली की हसू बी यायलंय, त्याला मी काय करू?

सुहासिनी, ऊठ बाई, पुढं ये. बघा हिला. सोनपेठला वाढली असती, तर मला आत्या म्हणली असती.

सर, ती मला आई म्हणते.

आता समदेच उभे राहा. घडीभर गप राहू. सर, आमचा सलाम घ्या.