करंडीतला बोका

केडगावच्या थांब्यावर पुण्याच्या एसटीची वाट बघणाऱ्या निकिताचे कान मागच्या मायलेकींकडं लागले. लेक अंदमानकडच्या एका बेटावर वनरक्षक होती, सुट्टी संपवून निघालेली. आईच्या मांडीवरची करंडी ओरडत होती.

"आई, बोका? अगं, डोकं फिरलंय का तुझं?"

"तूच म्हनलीस, बेटावर लई उंदरं हायती."

"ती बी जहाजातनंच आली. अन् मागल्या खेपेला तू दिलेल्या मांजरीनं उंदरं सोडून पाखरंच खाल्ली!"

"उडाया येत न्हाई व्हय त्यांना?"

"येतं की! पन घरटी भुईवर. मांजर कंदी बघितलीच न्हाई, मग भ्यायचं कशाला? शिंगणापूरला घरांना दारं हायती का?"

"तिथं शनिदेव हाय राखायला."

"अन् बेटावर मी हाय राखायला! मांजर नेली ती बी मीच."

"बरं बाई, ऱ्हाऊ दे बोका. चिडू नगं. उन्हाळ्यात मला घिऊन चल, ती पाखरं तरी दाव."

"कुठली पाखरं, आई?"